चार पानांचा राखणदार

आर्डुइनो उनो हे तळहातावर मावणारं निळं बोर्ड यूएसबी केबलनं संगणकाला जोडून त्यात एखादा प्रोग्राम चढवला, की पडद्याच्या तळाशी एक आकडा दिसतो: प्रोग्रामसाठी जास्तीत जास्त जागा ३२,२५६ बाइट. बोर्डावरच्या लांबट काळ्या चिपचं नाव अ‍ॅटमेगा ३२८पी. तिची फ्लॅश मेमरी ३२ किलोबाइटची, म्हणजे ३२,७६८ बाइटची. मग उरलेले ५१२ बाइट गेले कुठे?

त्या ५१२ बाइटांत ऑप्टीबूट नावाचा एक चिमुकला प्रोग्राम मुक्काम ठोकून असतो. चिपमधला बाकी सगळा मजकूर हजारो वेळा पुसून पुन्हा लिहिता येतो, तो याच्याच भरवशावर.

यंत्राच्या पोटात कायम वस्तीला असलेल्या अशा प्रोग्रामला फर्मवेअर म्हणतात. १९६७ साली अ‍ॅशर ऑप्लर यांनी ‘डेटामेशन’ मासिकातल्या लेखात हा शब्द आणला. हार्डवेअरइतकं घट्ट नाही आणि सॉफ्टवेअरइतकं सैल नाही, असं हे मधलं प्रकरण. पूर्वी ते बदलणं म्हणजे मोठा खटाटोप होता. १९७१ साली इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम ही पुसता येणारी चिप तयार केली. तिच्या पाठीवर क्वार्ट्‌झची छोटी खिडकी असे. चिप सॉकेटमधून उपटायची, अतिनील दिव्याखाली बराच वेळ ठेवायची, मजकूर पुसला गेला की वेगळ्या यंत्रात बसवून नवा लिहायचा आणि पुन्हा जागेवर लावायची. पुढे तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी विजेनंच झटक्यात पुसली जाणारी फ्लॅश मेमरी शोधली आणि १९८४ साली ती जगापुढे मांडली. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी क्षणात पुसली जाते, म्हणून तिला ते नाव मिळालं. आता चिप उपटायची गरज उरली नाही.

पण त्यातून एक पेच उभा राहिला. चिपमधला प्रोग्रामच पुसायचा असेल, तर नवा प्रोग्राम घ्यायचा कुणी आणि लिहायचा कुणी? ज्या फांदीवर बसलो आहोत, तीच तोडायची असा हा प्रकार. नवा प्रोग्राम घेऊन चिपमध्ये लिहिणारा वेगळा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, हे त्या पेचाचं उत्तर. ऑप्टीबूट हा असाच एक बूटलोडर.

२००५ साली इटलीतल्या इव्रेया गावच्या डिझाइन संस्थेत आर्डुइनोचा जन्म झाला, तो इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांना यंत्रं घडवता यावीत म्हणून. त्यामुळे केबल जोडून एक बटण दाबायचं, एवढंच काम वापरणाऱ्याच्या वाट्याला येतं. त्या एका बटणामागे काय काय घडतं, ते पाहण्यासारखं आहे.

सुरुवात केबलपासून. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. काही स्वस्त चार्जिंग केबलमध्ये माहितीच्या तारा नसतातच. मग बोर्डावरचा हिरवा दिवा लागतो, पण संगणकाला पोर्ट काही सापडत नाही. नवख्या विद्यार्थ्यांच्या कित्येक संध्याकाळी या एका केबलपायी वाया जातात.

केबल योग्य असेल, तर संगणक पोर्ट उघडताना एका विशिष्ट रेषेचा व्होल्टेज खाली आणतो. तो धक्का ०.१ मायक्रोफॅरडच्या इवल्या कपॅसिटरमधून चिपच्या रीसेट पिनपर्यंत पोचतो आणि चिप नव्यानं सुरू होते. जाग आल्यावर ती आधी आपल्या प्रोग्रामकडे जात नाही, ऑप्टीबूटकडे जाते. ऑप्टीबूट पाहतो, की चिप कशामुळे सुरू झाली? नुसती वीज आली असेल, तर तो लगेच बाजूला होतो आणि आपला प्रोग्राम चालू लागतो. रीसेट बाहेरून झाला असेल, तर मात्र तो सुमारे एक सेकंद कान देऊन थांबतो.

त्या सेकंदात संगणक दोन आकडे पाठवतो, ४८ आणि ३२. ऑप्टीबूट उत्तर देतो, २० आणि १६. ओळख पटली. ही खूण जुळली नाही, तर पडद्यावर तांबड्या अक्षरांत चूक उमटते.

पुढचं काम वहीत लिहिल्यासारखं चालतं. ही चिप फ्लॅशमध्ये एकेक बाइट लिहीत नाही, १२८ बाइटांचं अख्खं पान लिहिते. सगळी मिळून २५६ पानं. ऑप्टीबूट एक पान भरेल एवढा मजकूर घेतो, तो तात्पुरत्या मेमरीत धरतो, फ्लॅशमधलं ते पान पुसतो, नवं लिहितो आणि पुढचं मागतो. एक दिवा लुकलुकवणारा प्रोग्राम आठेक पानांत संपतो. शेवटी संगणक सगळी पानं परत वाचून घेतो आणि मूळ मजकुराशी बाइट न् बाइट ताडून पाहतो. या सगळ्यात वहीची शेवटची चार पानं कुणी उघडत नाही. चार गुणिले १२८, म्हणजे ५१२. ती राखणदाराची.

हा पहारा चिपच्या रचनेतच घडवलेला आहे. फ्लॅशमध्ये लिहिण्याची आज्ञा इथे फक्त बूटलोडरसाठी राखलेल्या भागातूनच चालते. आपण लिहिलेला प्रोग्राम कितीही भरकटला, तरी स्वतःहून फ्लॅशमधलं एक अक्षरही तो बदलू शकत नाही. आणि त्या भागाला कुलूप घालणारे चिपमधले बिट नीट लावलेले असले, की बूटलोडरलाही स्वतःची पानं पुसता येत नाहीत. म्हणून अपलोड अर्ध्यावर असताना वीज गेली, तरी बिघडतो तो अर्धवट प्रोग्राम. बोर्ड पुन्हा जोडायचं, पुन्हा अपलोड करायचं. असा राखणदार नसलेल्या उपकरणाचं फर्मवेअर अर्ध्यावर तुटलं, तर ते ‘ब्रिक’ होतं, म्हणजे निव्वळ वीट.

मग राखणदाराला चिपमध्ये प्रथम कोण बसवतं? ते काम बाहेरूनच करावं लागतं. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटी चिप घेताना बूटलोडर टाकलेला आहे का, हे विचारून घ्यावं लागतं ते याचसाठी. नसेल, तर दुसरं उनो बोर्ड प्रोग्रामर म्हणून जोडून तो ‘बर्न’ करता येतो. जुन्या बोर्डानं नव्याला दिलेली ही दीक्षाच.

दुरुस्ती स्वीकारणारा भाग वेगळा आणि शाबूत ठेवायचा, हे तत्त्व या निळ्या बोर्डापुरतं नाही. नोव्हेंबर २०२३ पासून व्हॉयेजर-१ यान निरर्थक आकडे पाठवू लागलं. त्याच्या माहिती जुळवणाऱ्या संगणकातली एक मेमरी चिप निकामी झाली होती, पण पृथ्वीवरून आलेले आदेश यान घेत होतं. अभियंत्यांनी अडकलेला कोड तुकड्यांत विभागून मेमरीतल्या दुसऱ्या जागी हलवला. १८ एप्रिल २०२४ ला आदेश निघाला, तो २४ अब्ज किलोमीटर अंतर साडेबावीस तासांत कापून पोचला, आणि २० एप्रिलला यान सुधारल्याचं कळलं.

हा राखणदार घरीही भेटतो. उनोवरचं रीसेटचं बटण दाबून सोडा आणि ‘एल’ लिहिलेल्या दिव्याकडे पाहा. आपला प्रोग्राम सुरू होण्याआधी तो पटापट लुकलुकतो आणि क्षणभर काहीच घडत नाही. त्या क्षणात ऑप्टीबूट वाट पाहत असतो, कुणी काही नवं आणलं आहे का याची. कुणी आलं नाही, की तो पहिल्या पानापासून आपला प्रोग्राम चालू करून देतो.