राणाच्या सहीआधी सलूंबरचा भाला

उदयपूरच्या आग्नेयेला सुमारे सत्तर किलोमीटरवर, अरवलीच्या दक्षिणेकडच्या डोंगररांगांत सलूंबर वसले आहे. जुन्या गावाला दगडी तट, टेकडीच्या माथ्यावर गढी आणि तळ्याच्या काठाला इथल्या सरदारांचा, म्हणजे रावतांचा महाल, असा एखाद्या मोठ्या राजपूत ठिकाण्याला (जहागिरीला) शोभणारा सगळा थाट इथे आहे. येणाऱ्याला मात्र आधी हाडी राणीची कथा ऐकायला मिळते. नुकतेच लग्न झालेला सलूंबरचा रावत लढाईला निघाला, त्याचा पाय घरातून निघेना, म्हणून राणीने खूण म्हणून स्वतःचे शिर कापून पाठवले, अशी ही कथा. राजस्थान पोलिसांच्या महिला बटालियनला आज तिचेच नाव आहे. कथा मन हलवणारी आहे यात शंका नाही, पण तिच्या छायेत सलूंबरची खरी थोरवी झाकली जाते असे मला वाटते. मेवाडात पराक्रमी घराणी पुष्कळ झाली. राजाच्या अधिकारात कायदेशीर वाटा मागणारे आणि तो वाटा काही शतके टिकवणारे घराणे एकच झाले, आणि ते सलूंबरच्या चुंडावतांचे.

या वाट्याचा उगम एका त्यागात सांगितला जातो. पंधराव्या शतकाच्या आरंभी चितोडच्या गादीवर राणा लाखा होता. मंडोरच्या राठोडांकडून थोरला मुलगा चुंडा याच्यासाठी सोयरिकीचा नारळ आला, आणि म्हाताऱ्या राणाने सहज थट्टा केली की आमच्यासाठी असा नारळ कोण पाठवणार. वडिलांच्या मनात जिच्याविषयी असा विचार डोकावला तिच्याशी लग्न करायला चुंडाने नकार दिला. शेवटी राठोडांची हंसाबाई लाखाशीच विवाहबद्ध झाली, पण तिच्या पोटी होणाऱ्या मुलाला गादी मिळावी या अटीवर. चुंडाने ती अट मान्य केली, धाकटा सावत्र भाऊ मोकल याला गादीवर बसवले आणि त्याच्या वतीने कारभार पाहिला. हंसाबाईला त्याच्या हेतूची शंका येताच तो मेवाड सोडून मांडूच्या सुलतानाकडे गेला. १४३३ मध्ये मोकलचा खून झाला, त्याचा मुलगा कुंभा याच्या दरबारात राठोड रणमलाचे वर्चस्व वाढत गेले, तेव्हा चुंडाला परत बोलावण्यात आले. १४३८ मध्ये रणमल मारला गेला आणि चुंडाने थेट मंडोरपर्यंत मजल मारली.

गादी सोडण्याच्या बदल्यात चुंडाच्या वंशाला जे मिळाले ते जमिनीत मोजण्यासारखे नाही. लढाईत आघाडीचा, म्हणजे ‘हरावळी’चा मान त्यांचा. राणा राजधानीबाहेर गेला की नगराची जबाबदारी त्यांची. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे राणाने सरदारांना दिलेल्या सनदांवर राजाच्या सहीआधी सलूंबरच्या भाल्याची खूण. राजाने दिलेले दान पक्के व्हायला दुसऱ्या कुणाची निशाणी लागते, याचा अर्थ दान देण्याचा अधिकार राजाचा एकट्याचा उरत नाही. दरबारातल्या बैठकीचा क्रम पाहिला तर ही गोष्ट आणखी उठून दिसते. मेवाडच्या सोळा प्रमुख उमरावांत सलूंबरची जागा पहिली नव्हती. सादडीचे झाला, बेदला आणि कोठारियाचे चौहान त्यांच्या वर बसत. ही तिन्ही घराणी राणाच्या सिसोदिया कुळाबाहेरची, मेवाडसाठी रक्त सांडलेली, म्हणून बहुमानाची पहिली आसने त्यांना. चुंडावत घरचे. त्यांचा अधिकार आसनात नव्हता, संमतीत होता.

चुंडाची ही कथा वंशजांनी मागाहून रचली आणि भाटांनी सजवली, असा आक्षेप घेता येतो. नारळाच्या प्रसंगातले संवाद शब्दशः घडले असे मीही म्हणणार नाही. पण कथेचा तपशील नंतरचा असला तरी अधिकार नंतरचा ठरत नाही, कारण तो वापरला गेल्याचा ठळक पुरावा आहे. फेब्रुवारी १५७२ मध्ये गोगुंद्याला राणा उदयसिंहाचे निधन झाले. त्याने मरण्यापूर्वी आवडत्या भटियाणी राणीचा मुलगा जगमाल याला वारस नेमले होते आणि जगमाल गादीवर बसलाही होता. तेव्हा चुंडावतांचा प्रमुख रावत कृष्णदास आणि ग्वाल्हेरचे रामशाह तंवर यांनी त्याला हाताला धरून आसनावरून उठवले आणि थोरल्या प्रतापसिंहाला गादीवर बसवले. जगमाल पुढे अकबराकडे गेला आणि त्याला जहाजपूर मिळाले. मृत राजाची स्पष्ट इच्छा डावलून वारस ठरवण्याची हिंमत एखाद्या सरदाराला का झाली, आणि इतरांनी त्याला बंडखोर का म्हटले नाही? त्या अधिकाराला सर्वांची मान्यता होती, हे एकच उत्तर पटते. हल्दीघाटीचा प्रताप ज्या निर्णयामुळे राणा झाला, तो निर्णय या घराण्याचा होता. चुंडावतांची जी शाखा पुढे सलूंबरला नांदली तिला कृष्णावत म्हणतात ती याच कृष्णदासावरून. देवगडचे सांगावत, आमेटचे जगावत, बेगूंचे मेघावत हे तिचे भाऊबंद.

हक्काची किंमतही घराण्याने मोजली. रावत रतनसिंह १५२७ मध्ये खानव्याच्या रणात पडला, रावत साईदास १५६८ मध्ये चितोडच्या सूरजपोलवर. पण हरावळीच्या मानाने घराण्याला जे वेड लावले ते उंटाळ्याच्या किल्ल्यासमोर दिसते. हे आजचे वल्लभनगर. प्रतापाचा मुलगा अमरसिंह याच्या काळात शक्तावत या भाऊबंद शाखेने आघाडीवर हक्क सांगितला, तेव्हा जो आधी किल्ल्यात शिरेल त्याला मान, असा निवाडा झाला. शक्तावत बल्लूने दरवाजाच्या खिळ्यांना स्वतःची छाती लावून त्यावर हत्ती घालायला लावला, आणि पडलेल्या चुंडावत नायकाचा देह त्याच्याच माणसाने तटावरून आत फेकला, असे सांगतात. याला शौर्य म्हणून गौरवले जाते. मला त्यात पुढच्या विनाशाचे बीज दिसते. राजावर अंकुश ठेवण्यासाठी मिळालेला हक्क इथे भाऊबंदांवर कुरघोडी करण्यासाठी खर्ची पडला.

अठराव्या शतकात हे बीज उगवले, आणि मराठी वाचकांच्या ओळखीची माणसे या कथेत येतात. राणा अरिसिंहाविरुद्ध रतनसिंह नावाचा दावेदार उभा राहिला आणि महादजी शिंद्यांनी त्याची बाजू घेतली. मोठ्या उमरावांपैकी मोजकेच अरिसिंहाकडे राहिले. सलूंबर आधी दावेदाराकडे झुकले, पण लवकरच माघारी फिरले. जानेवारी १७६९ मध्ये उज्जैनजवळ क्षिप्रेच्या काठी महादजींच्या फौजेशी लढताना सलूंबरचा रावत पहाडसिंह मारला गेला. मग उदयपूरला वेढा पडला. दिवाण अमरचंद बडव्याने साडेत्रेसष्ट लाखांवर तडजोड केली, आणि रोख पुरेना म्हणून जावद, जीरण, नीमच हे परगणे शिंद्यांकडे गहाण पडले. पुढच्या वीस वर्षांत चुंडावत आणि शक्तावत यांनी कोवळ्या वयात गादीवर आलेल्या महाराणा भीमसिंहाला आपापल्या बाजूला ओढण्यासाठी मेवाड पोखरून काढले. १७८९ मध्ये प्रधान सोमचंद गांधीचा चुंडावतांनी खून केला. सलूंबरचा रावत, त्याचेही नाव भीमसिंहच, चितोडगड बळकावून बसला. १७९१ मध्ये तो गड सोडवायला महाराणाला महादजींनाच बोलवावे लागले.

इथे माझ्या मुद्द्याला सर्वांत मोठा धक्का बसतो. ज्याने राज्य राखायचे त्यानेच राज्याचा मानबिंदू असलेला किल्ला धन्याविरुद्ध अडवला, मग हा अंकुश कसला, ही तर लूट, असे कोणी म्हटले तर त्यातला बराचसा भाग मला मान्य आहे. चुंडाचा अधिकार गादीचा दावा सोडण्यावर उभा होता. धन्याचा गड धरून बसणारा वंशज तो पायाच उखडत होता. तरीही गड उतरताना रावताने घातलेली अट पाहण्यासारखी आहे. राणाच्या बाजूने आलेला कोट्याचा कारभारी झालिमसिंह झाला याने मेवाडातून निघून जावे, मग आपण राणासमोर नमतो, असे त्याने कळवले आणि तसेच केले. राज्य मिळवण्याची भाषा त्याच्या तोंडी नव्हती. त्याला हवा होता राणाच्या शेजारचा आपला जुना हक्क, तिथे दुसरा कुणी नको. झीज झाली होती ती या हक्काच्या वापराला बांधून ठेवणाऱ्या नियमाची. तो नियम कधी लिहिला गेला नव्हता, तो केवळ माणसांच्या संयमावर टिकून होता. वर मराठ्यांच्या खंडणीचा तगादा आणि गादीवर दुबळा राजा, या दोन्हींपुढे तो संयम संपला.

हा हक्क प्रत्यक्षात मोडला तो १८१८ मध्ये, तलवारीशिवाय. १३ जानेवारीला मेवाडने इंग्रजांशी तह केला आणि ४ मे रोजी इंग्रजांचा प्रतिनिधी कर्नल टॉड याने सरदारांकडून कौलनामा लिहून घेतला. गोंधळाच्या काळात बळकावलेली खालसा गावे परत करायची, हे त्यातले मुख्य कलम. टॉडने आपल्या ग्रंथात या सगळ्या व्यवस्थेला युरोपातल्या सरंजामशाहीच्या साच्यात बसवले: राजाने जमीन द्यावी, सरदाराने चाकरी करावी. सलूंबर या साच्यात मावत नाही, कारण तिथे भावाच्या वाट्यातून अधिकार आला होता. पण आता राणाला उमरावांच्या संमतीची गरज राहिली नाही, त्याच्या पाठीशी इंग्रजांची हमी होती. पुढे रावत पद्मसिंहाच्या नावाची पदमशाही तांब्याची नाणी सलूंबरच्या टांकसाळीत पडत राहिली, रावत केसरीसिंह आणि महाराणा स्वरूपसिंह मानपानावरून वर्षानुवर्षे भांडले. बाहेरून डौल वाढला, पण राजाला अडवण्याची ताकद आत उरली नव्हती.

आणखी एक आक्षेप उरतो, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. राजाला अडवणाऱ्या या घराण्यांना त्यांच्या रयतेने कधी अडवता आले का? मेवाडच्या राणाला राज्याभिषेकात भिल्लाच्या अंगठ्याच्या रक्ताचा टिळा लागे, पण भिल्ल गावांना वेठ आणि लागबाग (जादा कर) चुकली नाही. चुंडावतांच्याच बेगूं ठिकाण्यात १९२१ पासून शेतकरी उठले. शेजारच्या बिजोलियात विजयसिंह पथिकांनी आंदोलन चालवले होते, आणि या शेतकऱ्यांची गाऱ्हाणी १९२० मध्ये वर्ध्याहून निघालेल्या ‘राजस्थान केसरी’ या वृत्तपत्रातून देशापुढे येत होती. बेगूंच्या रावताने शेतकऱ्यांशी समझोता केला, तर वरच्या सत्तेने तो समझोता ‘बोल्शेविक’ ठरवून फेटाळला, आणि जुलै १९२३ मध्ये गोविंदपुऱ्यात गोळीबार होऊन रूपाजी आणि कृपाजी धाकड मारले गेले. आपल्यावर लादायचे ते आपल्याला विचारून लादा, ही त्या शेतकऱ्यांची मागणी आणि सनदेवरचा सलूंबरचा भाला यांत मला तत्त्वाचा फरक दिसत नाही. फरक एवढाच की चुंडाच्या वंशजांनी ही मागणी वरच्याकडे केली आणि खालच्याकडून ती ऐकून घेतली नाही. १९४८ मध्ये मेवाड राजस्थानात विलीन झाले, १९५२ च्या कायद्याने जहागिरी सरकारजमा झाल्या. २०२३ मध्ये सलूंबर स्वतंत्र जिल्हा झाला, आणि ज्या भिल्ल गावांतून ठिकाण्याची वसुली येई त्यांतल्या अनेकांची दप्तरे आता त्या जिल्ह्याच्या कचेरीत आहेत.