उधारीचं अ‍ॅप: यादी आणि डेटा नीट जोडा
गूगल शीटवरून अ‍ॅपशीटमध्ये उधारीचं अ‍ॅप कसं बनवायचं, ते व्हिडिओत पाहिलं. आता त्यातला पैशांशी थेट संबंध असलेला मुद्दा.

मोबाइलवर दिसणारी यादी म्हणजे फक्त दुकानाची काच. खरा माल शीटमध्ये असतो. म्हणून ग्राहकांची शीट एकच ठेवा. 'बाकी असलेले ग्राहक' वेगळे बघायचेत? त्यासाठी दुसरी शीट नको, 'स्लाइस' बनवा आणि अट टाका: बाकी ० पेक्षा जास्त. बाकी ० केली, सिंक झालं, की नाव त्या यादीतून आपोआप जातं.

दुसरं, 'की' कॉलम. प्रत्येक ओळीची ओळख यावरूनच ठरते. इथे ग्राहकाचं नाव ठेवू नका. गावात संतोष पाटील दोन असतात! एकाची वसुली दुसऱ्याच्या नावावर पडली, तर हिशोब बिघडेल आणि गिऱ्हाईकही तुटेल. वेगळा 'आयडी' कॉलम घ्या, त्याला 'की' करा आणि इनिशियल व्हॅल्यूमध्ये युनिकआयडी फंक्शन टाका. हे फक्त नव्या नोंदींना लागू होतं. जुन्या ओळींना आयडी स्वतः भरा.

आज पाचच ग्राहक टाकून बघा. हिशोब जुळला, मगच पूर्ण वही चढवा.