नांव कुत्र्याचें, करणी धन्याची

कुत्र्याचें शेपूट नळींत घातलें तरी वाकडें तें वाकडेंच, अशी एक म्हण मराठींत रूढ आहे. स्वभावाला औषध नाहीं, हा तिचा भावार्थ. माणसाच्या स्वभावाविषयीं ती कितपत खरी आहे हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी ज्या प्राण्याचें शेपूट तिनें दाखल्यासाठीं घेतलें, त्याच्याविषयीं तरी ती खरी आहे काय, हें पाहणें मनोरंजक आहे. आणि केवळ मनोरंजकच नव्हे, तर अगत्याचेंही आहे. कारण आज शहरांतून रॉटवायलर, डॉबरमन, पिटबुल अशा दांडग्या जातींचे कुत्रे हौसेनें पाळले जातात. एखादे दिवशीं त्यांतला एखादा लहान मुलावर किंवा म्हाताऱ्या माणसावर धांवून जातो, आणि दुसऱ्या दिवशीं सारी आळी एकमुखानें म्हणूं लागते, ‘ती जातच तसली!’ जात तसली, एवढें म्हटलें कीं विचाराचें काम संपतें. उरतें तें त्या जातीला हद्दपार करण्याचें काम.

परंतु जातीचें नांव बरें किंवा वाईट होतें तें कसें? जर्मन शेफर्डचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. हा कुत्रा मूळचा जर्मनींतील मेंढपाळांचा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्यें जर्मनी हें नांवच लोकांना नकोसें झालें, म्हणून तेथें त्याला अल्सेशियन म्हणूं लागले, आणि त्या नांवापुढें ‘लांडगा-कुत्रा’ अशा अर्थाचें एक पुच्छही जोडलें गेलें. या पुच्छानें त्याचा घात केला. ऑस्ट्रेलियांतील मेंढ्या पाळणाऱ्यांना भीति पडली कीं, हा लांडग्याच्या रक्ताचा प्राणी तेथील डिंगो नांवाच्या रानकुत्र्यांत मिसळेल आणि त्यांची प्रजा कळपच्या कळप फस्त करील. १९२९ सालीं ऑस्ट्रेलियानें या कुत्र्यांच्या आयातीस बंदी घातली व ती चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकली. योगायोग असा कीं, त्याच १९२९ सालीं अमेरिकेंत अंधांना वाटाड्या कुत्रे पुरविणारी ‘द सीइंग आय’ ही संस्था निघाली. डोरोथी यूस्टिस या बाईंनीं स्वित्झर्लंडमध्यें शिकवून तयार केलेली बडी नांवाची कुत्री मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला न्यूयॉर्कच्या गर्दीच्या रस्त्यांतून सुखरूप नेऊं लागली होती, त्या यशांतून ही संस्था उभी राहिली. बडी ही जर्मन शेफर्डच होती. एकाच वर्षीं, एकाच रक्ताचा प्राणी एका देशांत लांडगा ठरला आणि दुसऱ्या देशांत आंधळ्याचे डोळे. फरक रक्ताचा नव्हता. त्याच्याकडे पाहणाऱ्यांचा व त्याला वाढविणाऱ्यांचा होता.

इतर भयंकर समजल्या जाणाऱ्या जातींची पूर्वपीठिकाही अशीच साधी आहे. रॉटवायलर हा जर्मनींतील रॉटवाइल गांवचा. गुरें हांकणें व खाटकांच्या गाड्या ओढणें हा त्याचा धंदा. डॉबरमन ही जात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपोल्डा गांवीं लुई डॉबरमन यानें तयार केली. तो करवसुलीचें काम करी, आणि पैसे घेऊन हिंडणाऱ्या माणसाला सोबतीस दक्ष कुत्रा हवा, ही त्याची गरज. पिटबुलचें कुळ मात्र झुंजीचें आहे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. १८३५ सालीं इंग्लंडांत बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ कायद्यानें बंद झाला. तेव्हां शौकीन लोक चोरूनमारून कुत्र्याकुत्र्यांच्याच झुंजी लावूं लागले, आणि त्यासाठीं बुलडॉग व टेरियर यांच्या संकरांतून चपळ व चिवट कुत्रे निपजविले गेले. तरीही पहिल्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतील भित्तिपत्रकांवर याच वळणाचा कुत्रा देशाच्या निधड्या छातीचें प्रतीक म्हणून झळकत असे, आणि पुढें मुलांच्या विनोदी चित्रपटांतून तो त्यांचा सवंगडी झाला. त्याला राक्षस ठरविण्याची लाट आली ती बऱ्याच उशिरां, विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांत.

मग रक्ताला कांहींच महत्त्व नाहीं काय? तसें म्हणणें हा दुसऱ्या टोंकाचा अविचार होईल. मेंढ्या वळविण्याची हौस, वास काढण्याची हातोटी, पकडलेलें न सोडण्याची जिद्द यांना आनुवंशिक पाया आहे. आणि देहाची ताकद तर सर्वस्वीं वंशाचीच. परंतु एखाद्या विशिष्ट कुत्र्याचा स्वभाव त्याच्या जातीवरून कितपत ओळखतां येतो, हा प्रश्न निराळा. २०२२ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत अमेरिकन संशोधकांनीं १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या धन्यांकडून जमविलेल्या माहितीचा व २,००० हून अधिक कुत्र्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागणुकींत जो फरक दिसतो, त्यांपैकीं सरासरीनें अवघा ९ टक्के जातीनें समजावून देतां येतो, असें त्यांना आढळलें. उरलेल्या भागांत त्या त्या कुत्र्याची वैयक्तिक प्रकृति, वय, अनुभव व संगोपन हीं सारीं येतात.

या संगोपनाचा पाया फार लवकर घातला जातो. अमेरिकेंतील बार हार्बर येथें जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या दोघां शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षें कुत्र्यांच्या पिलांचा अभ्यास केला व १९६५ सालीं तो ग्रंथरूपानें मांडला. सुमारें तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिलाच्या सामाजिक घडणीचा काळ आहे, हें त्यांच्या कामांतून पुढें आलें. या काळांत ज्यांचा सहवास घडला ते आपले, आणि जें कधीं दिसलें नाहीं तें भीतिदायक, असा पिलाचा हिशेब असतो. १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत कांहीं पिलें चौदा आठवडे माणसाच्या स्पर्शावांचून कुंपणाआड वाढविलीं होतीं. पुढें त्यांना माणसाळविण्याचा कितीही यत्न केला, तरी तीं रानटी जनावरांसारखीं बिचकतच राहिलीं. आणि या प्रयोगांतील पिलांत कॉकर स्पॅनियल जातीचींही पिलें होतीं. ज्या जातीला कोणीही कधीं भयंकर म्हटलें नाहीं, त्या जातीचीं!

आतां व्यवहारांत काय घडतें तें पाहावें. पिलूं गोजिरें दिसतें तोंवर विकलें जावें म्हणून विकणारा तें चार-पांच आठवड्यांचें असतांनाच आईपासून तोडतो. भावंडांशीं खेळतांना किती जोरानें चावलें म्हणजे दुसऱ्यास दुखतें, हा धडा त्याचा अर्धाच राहतो. नव्या घरीं तें फाटकाजवळ सांखळीला बांधलें जातें. कारण धन्याला सोबती नको असतो, दरारा हवा असतो. पाहुणा आला कीं सांखळी आंवळली जाते, मुलें खडे मारून पळतात, आणि पिलाच्या मनांत अनोळखी माणूस व दुःख यांची गांठ कायमची पडते. पुढें तें गुरगुरलें कीं पाठींत काठी बसते. वस्तुतः गुरगुरणें ही कुत्र्याची सभ्य भाषा आहे. ‘दूर राहा, मला भय वाटतें’ एवढेंच तो सांगत असतो. काठीनें भय जात नाहीं, फक्त सूचना बंद होते. आणि मग लोक म्हणतात, कांहीं कारण नसतांना एकाएकीं चावला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतील पशुवैद्यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, नको तें वर्तन केलें म्हणून कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्या धन्यांपैकीं ४३ टक्क्यांनीं कुत्रा उलट अंगावर आल्याचें सांगितलें होतें.

येथें एक दुष्ट चक्र सुरू होतें. जातीचें नांव भयंकर झालें कीं ज्यांना भयच विकत घ्यावयाचें असतें अशीं माणसें ती जात शोधीत येतात. तीं ती वाढवितात भय उत्पन्न व्हावें अशाच रीतीनें. कुत्रा चावतो, वर्तमानपत्रांत जातीचें नांव ठळक अक्षरांत छापलें जातें, धन्याची कथा मात्र आंतल्या पानावरही येत नाहीं. आणि अशा धन्यांची रीघ वाढतच जाते. वाईट नांव वाईट धनी आणतें, आणि वाईट धनी तें नांव खरें करून दाखवितो.

हें चक्र उलट फिरवितां येतें काय, याची एक विलक्षण परीक्षा अमेरिकेंत झाली. २००७ सालीं मायकेल व्हिक या नामांकित फुटबॉलपटूच्या व्हर्जिनियांतील मालमत्तेवर झुंजीसाठीं पाळलेले पिटबुल सांपडले. झुंजींत कमी पडणाऱ्या कुत्र्यांना तेथें ठार मारलें जात असे. व्हिकला २३ महिन्यांची शिक्षा झाली. प्रश्न राहिला तो कुत्र्यांचा. अशा कुत्र्यांना मारून टाकणें हाच तोंवरचा प्रघात होता, आणि प्राणिहिताची कळकळ असणाऱ्या कांहीं संस्थांनींही तोच सल्ला दिला. न्यायालयानें मात्र प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र परीक्षा करविली. ४९ पिटबुलांची तपासणी झाली. त्यांपैकीं आक्रमकपणाच्या कारणावरून मारावा लागला तो फक्त एक. पुष्कळसे तर क्रूर नव्हते, भयानें जमिनीला चिकटून बसणारे होते. व्हिककडून सुमारें ९,२८,००० डॉलर त्यांच्या संगोपनासाठीं घेण्यांत आले. २२ कुत्रे यूटा राज्यांतील एका प्राणिसंस्थेकडे गेले, इतर निरनिराळ्या संस्थांकडे व तेथून कुटुंबांत. कांहींना माणसाची भीति जन्मभर सोडून गेली नाहीं. पण एक कुत्रा कर्करोगाच्या रुग्णांच्या भेटीस जाऊं लागला, आणि दुसरा वाचनालयांत बसून लहान मुलांचें अडखळतें वाचन शांतपणें ऐकूं लागला. ज्या आखाड्यांतून ते आले त्याचा विचार केला, म्हणजे हें थोडें नव्हे.

याचा अर्थ प्रेमानें सर्व कांहीं साधतें असा कोणी करूं नये. दांडग्या कुत्र्याची एक चूक लहान कुत्र्याच्या दहा चुकांपेक्षां महाग पडते. लखनौ येथें २०२२ च्या जुलै महिन्यांत एका वृद्ध बाईंचा घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यांत अंत झाला. अशा घरच्या माणसांना टक्केवारी सांगणें क्रूरपणाचें होईल. परंतु असे प्रसंग टळावेत हीच इच्छा असेल, तर ते कोणत्या परिस्थितींत घडतात हें पाहावयास हवें. अमेरिकेंत २००० ते २००९ या काळांत कुत्र्यांच्या हल्ल्यांत झालेल्या २५६ मृत्यूंचा कसून अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं ८७ टक्के प्रसंगीं मदतीस धांवून येण्याजोगें धडधाकट माणूस जवळ नव्हतें. ८५ टक्के प्रसंगीं कुत्र्याचा व त्या माणसाचा नीट परिचय नव्हता. ७६ टक्के प्रसंगीं कुत्रा कुटुंबांत मिसळून न वाढतां, बाजूला टाकून दिल्यासारखा ठेवलेला होता. कुत्र्याची जात खात्रीनें ठरवितां आली ती मात्र केवळ ४५ प्रसंगीं.

जातीवर बंदी घालून सुटका होत नाहीं, असा बाहेरचा अनुभव आहे. ब्रिटननें १९९१ सालीं पिटबुलसह चार जातींवर निर्बंध घातले. तरीही १९९८ ते २०१८ या वीस वर्षांत इंग्लंडांत कुत्रा चावल्यामुळें रुग्णालयांत दाखल होणाऱ्यांचें प्रमाण दुपटीहून अधिक झालें, आणि २०२४ च्या फेब्रुवारीपासून ‘एक्सएल बुली’ या आणखी एका जातीला इंग्लंड व वेल्समध्यें बंदी करावी लागली. नेदरलँड्सनें आपली पिटबुलबंदी २००८ सालीं मागें घेतली. भारतांत १२ मार्च २०२४ रोजीं केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्यानें २३ जातींना मनाई करण्याविषयीं राज्यांना परिपत्रक धाडलें. एप्रिल महिन्यांत कर्नाटक उच्च न्यायालयानें तें रद्द ठरविलें, कारण संबंधितांचें म्हणणें आधीं ऐकून घेतलें गेलें नव्हतें.

वस्तुतः धन्यास जबाबदार धरणारा कायदा या देशांत नवा नाहीं. पाळलेल्या जनावरापासून दुसऱ्यास इजा होऊं नये म्हणून पुरेशी काळजी न घेणें हा १८६० च्या दंडसंहितेपासून गुन्हा आहे, व आजच्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमांतही तो कायम आहे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याप्रमाणें, नेहमीं सांखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसें फिरूं न देणें हाही गुन्हाच आहे. आठ आठवड्यांच्या आंतील पिलूं विकूं नये, असा नियम २०१७ पासून आहे. एवढे तीन नियम जरी कसोशीनें पाळले गेले, तरी आजच्या पुष्कळशा भयंकर कुत्र्यांचा जन्मच होणार नाहीं.

ज्याला दांडगा कुत्रा पाळावयाचा असेल, त्यानें जात निवडण्यापूर्वीं स्वतःचें घर तपासावें. पिलासाठीं रोज दोन वेळां तास-तासभर देणारें कोणी घरांत आहे काय? पहिल्या तीन महिन्यांत त्याला मुलें, म्हातारीं माणसें, टपालवाला, वाहनांचा गोंगाट हें सर्व हळूहळू व भय न घालतां दाखवितां येईल काय? लहान मूल व कुत्रा यांना एकटें सोडावयाचें नाहीं, हा नियम घरचीं सर्व माणसें पाळतील काय? याचें उत्तर ‘नाहीं’ असेल, तर तो कुत्रा आणूं नये. आणण्याची हौस बाजूला ठेवणें हीही भूतदयाच आहे. शेपूट वाकडें असावें कीं सरळ हें निसर्गानें ठरविलें आहे, आणि त्यांत बदल करण्याचें कारणही नाहीं. परंतु तें शेपूट भयानें पोटाखालीं जातें कीं घरच्या माणसाला पाहून आनंदानें हालतें, हें मात्र धन्याच्या हातांत आहे.