भरतीच्या वेळचा निवारा : द्रोणागिरीच्या खारींतील प्रवासी पक्षी

खाडीच्या कांठीं राहणाऱ्या शेतकऱ्यास भरतीओहोटीचें कोष्टक शिकवावें लागत नाहीं. अष्टमीचा भांग व पुनवेचें उधाण तो पंचांग न उघडतां सांगतो. परंतु त्याच कोष्टकावर आपला दिवस बेतणारे दुसरेही कोणी आपल्या शिवारांत येऊन राहतात, ह्याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. भाद्रपदापासून वैशाखापर्यंत द्रोणागिरीच्या डोंगराच्या आसपास पाणजें, फुंडें, भेंडखळ, बेलपाडा, दास्तान फाटा ह्या बाजूच्या खारींत व मिठागरांत जे लहानमोठे चिखलपक्षी हजारोंनीं दिसतात, त्यांच्याविषयीं प्रस्तुत लेखांत चार शब्द लिहावयाचे आहेत.

ह्यांत टिलवा सर्वांत लहान. चिमणीच्या आकाराचा, वजनानें दोन-तीन तोळे. त्याहून थोडी मोठी ती बांकदार चोचीची तुतारी. मग चिखल्याच्या निरनिराळ्या जाती, तांबड्या पायांची तुतारी, लांब सरळ चोचीचा पाणटिवळा, आणि विळ्यासारख्या वांकड्या चोचीचा कोरल. (शेकाट्या ह्यांच्यांतच वावरतो, पण तो पुष्कळसा इकडचाच रहिवासी होय.) टिलवा व बांकदार चोचीची तुतारी ह्यांचीं घरटीं उत्तर ध्रुववृत्तापलीकडे, सैबेरियाच्या उजाड माळांवर असतात. तेथें ज्येष्ठ-आषाढांत बर्फ वितळून कीटकांचा सुकाळ होतो, आणि दीड-दोन महिन्यांत अंडींपिलीं सर्व उरकून पक्ष्यांस परत फिरावें लागतें. जुनीं पांखरें आधीं निघतात. त्या वर्षाचीं पिलें मागाहून, बरोबर कोणी वाटाड्या नसतां निघतात, व तरीही ठिकाणीं पोंचतात; मला ह्या सर्व वृत्तांतांत हीच गोष्ट अधिक अद्भुत वाटते. ह्या वाटेस शास्त्रज्ञ मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. आर्क्टिक महासागरापासून हिंदी महासागरापर्यंत तो सुमारें तीस देशांवरून जातो.

एवढी मजल एका दमांत सर्वांना साधत नाहीं. साधणारेही आहेत. २०२२ च्या आक्टोबरांत पाणटिवळ्याच्या भाऊबंद जातीचें एक अवघ्या पांच महिन्यांचें पांखरूं अलास्काहून निघालें आणि अकरा दिवसांत १३,५६० किलोमीटर समुद्र ओलांडून टास्मानिया बेटावर उतरलें. मध्यें कोठेंही टेकलें नाहीं. पाठीवर बसविलेल्या लहानशा यंत्रानें उपग्रहाच्या द्वारें हें सर्व कळविलें. पण अशा प्रवासाचें भांडवल आधीं सांठवावें लागतें, आणि तें भांडवल म्हणजे चरबी. निघण्यापूर्वीं कित्येक दिवस पक्षी अहोरात्र खातो. कांहीं जातींत वजन जवळजवळ दुप्पट होतें. ऐन निघण्याच्या सुमारास पोट व आंतडीं आकसतात, कारण उड्डाणांत त्यांचें काम नाहीं आणि ओझें तर आहेच. उतरल्यावर पहिले दिवस तीं पूर्ववत् होण्यांत जातात. म्हणजे थकून आलेला पक्षी उतरतांच पोटभर जेवूं शकतो असें नाहीं. लांबच्या मजलेहून आलेल्या बैलापुढें आपण लगेच पेंडेचें घमेलें ठेवीत नाहीं, तसेंच कांहींसें हें समजावें.

द्रोणागिरीस येणाऱ्यांपैकीं कांहीं थोडे दिवस थांबून दक्षिणेस जातात, कांहीं सबंध हिंवाळा येथेंच काढतात. चैत्राच्या सुमारास बांकदार चोचीच्या तुतारीचें करडें अंग विटेसारखें तांबडें होऊं लागतें. तो परतीचा वेष होय, आणि त्या दिवसांतली त्यांची भूक पाहण्यासारखी असते.

आतां आपली खाडी त्यांस काय देते तें पाहूं. ओहोटीस न्हावा-शेव्याच्या व करंजाच्या बाजूचा जो चिखल अजून उरला आहे तो उघडा पडतो, आणि पक्षी त्यावर पसरतात. प्रत्येकाची चोच निराळ्या लांबीची, म्हणून प्रत्येकाचें ताट निराळें. चिखल्या वरचेवर टिपतो, तुतारी बोटभर खोल जाते, कोरल थेट तळांतला जंत किंवा बिळांतली कुर्ली ओढून काढतो. दिवस असो कीं रात्र, ओहोटी ही जेवणाची वेळ. मग भरती येते. उधाणास मुंबईच्या खाडींत पाणी पांच मीटरांच्या आसपास चढतें. ताट बुडतें, आणि ज्यांचे पाय चार बोटें लांब त्यांस पुढील कांहीं तास उभें राहावयासही जागा उरत नाहीं. तिवरांच्या दाट झाडींत बहुतेकांस बसतां येत नाहीं. त्यांस उथळ पाणी व चहूंकडे नजर पोंचेल असें उघडें मैदान लागतें, आणि तें बांधाच्या आंतल्या अंगास, सोडलेल्या खारींत व मिठागराच्या कोंड्यांत मिळतें. तेथें ते एका पायावर, चोच पिसांत खुपसून, वाऱ्याकडे तोंडें करून भरती उतरण्याची वाट पाहत उभे असतात. अशा वेळीं कुत्र्यानें, डंपरानें किंवा छायाचित्रें काढणाऱ्या हौशी मंडळीनें त्यांस पुनः पुनः उठविलें, तर जमविलेली चरबी येथेंच घिरट्या घालण्यांत खर्च होते. दिवसांतून दोन वेळां भरती येते, हें लक्षांत ठेवावें. चिखल शाबूत आहे पण भरतीच्या वेळचा निवारा नाहीं, तर त्या चिखलाचाही उपयोग संपला.

माझें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें, म्हणून अनुभवानें सांगतों कीं गांवनमुन्यांत अशा निवाऱ्यास नांव नाहीं. पीक निघतें ती जमीन लागवडीची. निघत नाहीं ती पोटखराब. पोटखराबीवर आकार नाहीं, आणि ज्यावर आकार नाहीं तें कोणाचेंही नुकसान न करतां भरून काढतां येतें, ही समजूत दप्तरांतून नकाशांत व नकाशांतून मातीच्या डंपरांत उतरली आहे.

ह्या खारी ओसाड कशा झाल्या तेंही सांगितलें पाहिजे. पूर्वीं येथें भात पिकत असे. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं संपादनाखालीं आल्या. दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं योग्य मोबदल्यासाठीं जो लढा झाला, त्यांत १९८४ च्या १६ व १७ जानेवारीस गोळीबारांत पांच शेतकरी प्राणास मुकले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क हें त्या लढ्याचें फळ होय. बांध राखणारा शेतकरी गेला तेव्हां जागोजागीं खांडी पडल्या, भरती आंत आली, आणि भाताच्या खारीचें पाणथळ झालें. आपण सोडलेल्या घरांत पक्षी राहावयास आले असें म्हटलें तरी चालेल. म्हणून एखादा प्रकल्पग्रस्त जेव्हां म्हणतो कीं पांखरांच्या नांवाखालीं माझा भूखंड अडवूं नका, तेव्हां त्यास पक्ष्यांचा शत्रु ठरवूं नये. त्याचा भूखंड त्यास मिळालाच पाहिजे. तो ह्याच चिखलांत मिळावा असा आग्रह त्याचा नसतो. तो नकाशा आंखणाऱ्यांचा असतो.

खरी गोम उघाडींत आहे. पिकाच्या खारीस उघाडी असते ती भरती बाहेर ठेवण्यासाठीं; तेथें खारें पाणी शिरलें तर हातचें पीक जातेंच, पुढचेंही धोक्यांत येतें. सोडलेल्या खारीचा न्याय नेमका उलट आहे. तेथें भरतीचें पाणी आंतबाहेर खेळलें पाहिजे. तोंड बुजलें कीं पाणी आटतें, चिखलास भेगा पडतात, जंत मरतात, आणि मग तीच कोरडी जागा येथें पाणथळ कधीं नव्हतेंच असा पुरावा म्हणून पुढें केली जाते. पाणजें येथील सुमारें २८९ हेक्टरांच्या पाणथळाविषयीं हीच तक्रार आहे. भरतीचे मार्ग अडविल्याचें मच्छीमारांनीं व पक्षी-अभ्यासकांनीं वारंवार निदर्शनास आणिलें, आणि प्रकरण उच्च न्यायालयानें नेमिलेल्या समितीपुढें व हरित लवादापुढें गेलें. नेरूळचें डी. पी. एस. तळें तर अगदीं अलीकडचें उदाहरण. पाणी येण्याची वाट बंद झाल्यानें २०२४ च्या उन्हाळ्यांत तें सुकलें व त्याच सुमारास तेथें कांहीं रोहित पक्षी मेले. २०२५ मध्यें तें राखीव करण्यास राज्य वन्यजीव मंडळानें मान्यता दिली. ठाण्याच्या खाडीस २०१५ सालीं अभयारण्याचा व २०२२ सालीं रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, पण द्रोणागिरीच्या खारी त्या हद्दीबाहेर राहिल्या.

एक जागा गेली तर पांखरें शेजारीं जातील, असें पुष्कळ सुशिक्षितही बोलतात. दक्षिण कोरियांत ह्याची परीक्षा होऊन गेली आहे. सेमांगम येथें सुमारें ३३ किलोमीटर लांबीचा समुद्रबांध २००६ च्या एप्रिलांत पुरा झाला आणि आंतला भरतीचा चिखल संपला. तुतारीच्या कुळांतील 'ग्रेट नॉट' नांवाचा पक्षी तेथें हजारोंनीं थांबत असे. तो शेजारच्या खाड्यांत तितक्या संख्येनें आढळला नाहीं. उलट दूर आस्ट्रेलियांत, जेथें तो हिंवाळा काढतो तेथें, मोजदादींत त्याची संख्या घटली. शेजारच्या खाड्यांतलीं ताटें आधींच दुसऱ्यांनीं व्यापलेलीं असतात.

आपल्या हातीं काय आहे? ग्रामपंचायतीनें व मच्छीमार संस्थेनें मिळून प्रत्येक उघाडीची व मोरीची वही ठेवावी : तारीख, तिथि, भरतीची वेळ, पाणी आंत आलें कीं नाहीं. तोंड बुजलेलें दिसल्यास त्याच दिवशीं पंचांसमक्ष लिहून, छायाचित्र काढून अर्ज द्यावा. तोंडी तक्रारीस दप्तरांत जागा नाहीं, हें मी खात्रीनें सांगतों. जानेवारींत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती १९८७ पासून चालू आहे आणि तींत कोणासही भाग घेतां येतो. मोजणीस उधाणाचा दिवस निवडावा व भरती पूर्ण होण्याच्या तासभर आधीं जाऊन पोंचावें. बांधाच्या माथ्यावर उभें न राहतां उतारावर बसावें, म्हणजे आपली आकृति आकाशावर उठून दिसत नाहीं. कुत्रें बरोबर नेऊं नये. ओहोटी लागेपर्यंत पांखरें बहुधा जागचीं हलत नाहींत, त्यामुळें थव्याची दोनदां मोजणी करण्यास पुरेसा वेळ मिळतो.