वेळासची टोपली

गीतेत स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे. कासव जसं अंग आवरून घेतं, तशी माणसानं इंद्रियं आवरावीत. ही उपमा नदीच्या आणि विहिरीच्या कासवाला लागू पडते, समुद्रातल्या कासवाला नाही. त्याची मान कवचात जात नाही, आणि पायांची वल्ही झालेली असल्यानं तेही बाहेरच राहतात. कुत्रा अंगावर आला तरी मिटून बसण्याची सोय त्याला नाही. बुधवाऱ्यातून तापीच्या घाटावर जाणाऱ्या आम्हा बुऱ्हाणपूरकरांच्या डोळ्यांपुढे येतं ते नदीचं कासव. म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिथून किनाऱ्यानं दक्षिणेला, मुंबई मागे टाकून गेलं की सावित्रीच्या मुखाशी बाणकोट लागतं आणि त्याच्या शेजारी वेळास, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. गाव छोटं. नाना फडणवीसांचं मूळ गाव एवढीच त्याची ओळख होती.

२००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्रगरुडांची पाहणी करत या बाजूला आले. गरुड शोधता शोधता त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. विचारपूस केल्यावर कळलं की अंडी काढून खाल्ली जातात, विकलीही जातात. ही अंडी ऑलिव्ह रिडले या समुद्रकासवाची. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला आहे. पण पहाटे चार वाजता वेळासच्या पुळणीवर कायदा हिंडत नव्हता, अंडी काढणारे हिंडत होते. संस्थेनं शहाणपणा दाखवला तो इथे. अंडी काढणाऱ्यांवर पहारा बसवण्याऐवजी त्यांच्यातल्याच काहींना तिनं मानधन देऊन पहारेकरी केलं. वाळूवरचा माग ओळखायला त्यांच्याइतका तयार डोळा दुसऱ्या कुणाचा असणार? पहिल्याच हंगामात ५० घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्लं समुद्रात गेली.

हे काम म्हणजे काय, ते जरा सावकाश पाहण्यासारखं आहे. मादी दोन-सव्वादोन फूट लांबीची असते. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ती रात्री भरतीरेषेच्या वर येते आणि मागच्या वल्ह्यांनी हात-दीड हात खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करते. त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते, अंगानं थापटून ती दाबते आणि निघून जाते. परत पाहायला येत नाही. पहाटे कासवमित्र, म्हणजे हाच पहारेकरी, किनारा चालतो. भरतीनं पुसला नसेल तर माग दिसतो, येतानाचा आणि जातानाचा. दोन्ही माग जिथे भेटतात तिथे तो काठी टोचत जातो. दाबलेल्या वाळूत काठी अडते, घरट्यावर मात्र एकदम आत जाते. मग काठी बाजूला ठेवून हातानं उकरायचं.

अंडी पांढरी, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, आणि कवच चिवट, दाबलं तर दबणारं. ती हलवायची तर काही तासांच्या आत. त्यानंतर आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो आणि अंडं उलटंपालटं झालं की मरतो. म्हणून बादलीत घरट्यातलीच ओली वाळू घालायची, अंडी हलक्या हातानं मांडायची आणि कुंपण घातलेल्या जागेत त्याच खोलीचा, त्याच आकाराचा खड्डा करून पुन्हा पुरायची. या कुंपणाला सगळे हॅचरीच म्हणतात. प्रत्येक घरट्यापाशी पाटी असते: तारीख आणि अंड्यांची संख्या. पंचेचाळीस-पन्नास दिवस होत आले की घरट्यावर बांबूची टोपली पालथी घालायची. पिल्लं खाली साधारण एकाच वेळी अंड्यांतून निघतात, एकमेकांना ढकलत वर येतात आणि टोपलीखाली जमतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून बघायचं. बाहेर आलेली पिल्लं मोजून पाण्यापासून थोडी दूर वाळूवर ठेवतात आणि पुढचं अंतर त्यांचं त्यांनाच चालू देतात.

२००६ पासून ही टोपली उचलण्याला लोक जमू लागले आणि त्याचा कासव महोत्सव झाला. पुण्या-मुंबईची मंडळी वेळासच्या घरांत उतरतात, सोलकढी-भात जेवतात आणि पहाटे किनाऱ्यावर उभी राहतात. दोरीपलीकडून बघायचं, हात लावायचा नाही. अंडी विकून मिळायचं त्यापेक्षा घरातली खोली पाहुण्याला देऊन जास्त मिळतं, हा हिशोब गावानं कुणी समजावून न सांगता केला. माझ्या मते वेळासचं खरं काम हेच आहे. घरटी राखणाऱ्या संस्था देशात इतरही आहेत. ज्यांच्या हातून अंडी जात होती त्यांच्या घरात पैसा आणून ते जाणं थांबवलं, हे मात्र क्वचित घडलं.

महोत्सवाची अडचण अशी की पिल्लांना वेळापत्रक नसतं. शनिवार-रविवार गाठून आलेले लोक रिकामी टोपली पाहून हिरमुसतात आणि कधीकधी कासवमित्रावरच रागावतात. गंमत म्हणून हे सोडून देता येईल. हॅचरीविषयीचा गंभीर आक्षेप निराळा आहे. समुद्रकासवाचं नर-मादीपण घरट्यातल्या उष्णतेवर ठरतं. वाळू साधारण २९-३० अंशांच्या खाली राहिली तर नर जास्त, वर गेली तर माद्या जास्त, आणि पस्तिशीच्या आसपास अंडी मरू लागतात. किनाऱ्यावर विखुरलेली घरटी एका कुंपणात आणली की त्या सगळ्यांवर एकच ऊन पडतं. मार्चमधल्या घरट्यांवर तर एप्रिलचं. नुसतं पिल्लू पाहून ते नर की मादी हे ओळखता येत नाही, त्यामुळे किती पिल्लं सोडली या आकड्यात हा भाग येतच नाही. जिथे कुत्रे, कोल्हे आणि माणसं यांची भीती नाही तिथे घरटं जागेवरच राखावं, हे अभ्यासकांचं म्हणणं मला पटतं. हॅचरी ही तडजोड आहे. २००२ च्या वेळासला मात्र दुसरा मार्ग नव्हता.

किनाऱ्यावर जे होतं त्याहून कठीण प्रकार पाण्यात घडतात. तुटून वाहत राहिलेल्या जाळ्यात अडकून वल्ही कापली जातात, आणि पावसाळ्यात अशी कासवं किनाऱ्याला लागतात. त्यांच्यावर उपचार करायला डहाणूला केंद्र आहे. वनविभाग आणि एक स्थानिक प्राणिमित्र संस्था मिळून ते चालवतात. जिवंत कासव जाळ्यात सापडलं तर जाळं कापून ते सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार डिसेंबर २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. जाळं हीच ज्याची पुंजी, त्याला उपदेशापेक्षा हे पैसे लवकर कळतात.

आणि ही कासवं एरवी असतात कुठे? आपल्याकडे समुद्रकासवांच्या अभ्यासामागे सुरुवातीच्या काळात लागले ते सतीश भास्कर. १९८२ च्या पावसाळ्यात ते लक्षद्वीपच्या एका निर्मनुष्य बेटावर कासवांसाठी एकटे राहिले. पावसाळाभर बोट येणार नव्हती, म्हणून पत्नीला लिहिलेलं पत्र त्यांनी बाटलीत घालून समुद्रात सोडलं. ते श्रीलंकेच्या किनाऱ्यावर एका मच्छीमाराला सापडलं आणि त्यानं ते पुढे पाठवलं. पावसाळ्यात अरबी समुद्राचं पाणी श्रीलंकेला वळसा घालून पूर्वेला जातं. बाटली त्याच वाटेनं गेली.

कोकणच्या कासवांना उपग्रह-यंत्रं बसली ती चाळीस वर्षांनी. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थान आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी वेळासला एका मादीच्या पाठीवर यंत्र चिकटवलं आणि तिचं नाव ठेवलं प्रथमा. पाठोपाठ सावनी, वनश्री, लक्ष्मी आणि रेवा. (रेवा हे नाव आमच्या बाजूचं, नर्मदेचं.) प्रथमा उत्तरेला, गुजरातच्या दिशेनं गेली. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली बागेश्री दक्षिणेला उतरली आणि त्या पावसाळ्यात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. ती प्रवाहाबरोबर गेली की स्वतःच्या मनानं, हे यंत्र सांगत नाही. ते फक्त कासव श्वासासाठी वर आलं की ठिकाण कळवतं.

तोवर पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी असं धरून चालत. ओडिशात ती लाखोंनी एकदम किनाऱ्यावर येतात, कोकणात एकेकटी. मग २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूची खूणपट्टी दिसली. नंबर ०३२३३. ती पट्टी मार्च २०२१ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याला लावलेली निघाली. म्हणजे लाखोंच्या गर्दीतली मादी इथे एकटी येऊनही अंडी घालत होती, दोन्ही किनाऱ्यांवर तिचा वावर होता. एका मादीवरून सिद्धांत उभा राहत नाही, पण जुनी वाटणी पुन्हा तपासायला एवढं पुरतं. ती पट्टी वाचली गेली, कारण मादी किनाऱ्यावर असताना तिच्याजवळ माणूस होता. पहाटेच्या मागावरून घरटं सापडतं, कासव कुठून आलं ते कळत नाही.