जुन्या ट्रेनरवर कोंडाईबारीचा चढ

नवापूर तालुक्यातील विसरवाडी हे गाव सुरत–धुळे राष्ट्रीय महामार्गावर असून, तेथून धुळ्याकडे जाताना लागणारा कोंडाईबारीचा घाट सायकलस्वाराच्या दमाची कसोटी पाहतो. मात्र अवजड मालमोटारींच्या वर्दळीत, विशेषतः पावसाळ्यात, तेथे रोज सराव करणे धोक्याचे आहे. असा चढ घरातही उभा करता येतो आणि त्यासाठी नवे महागडे यंत्रच हवे असे नाही.

नेदरलँड्समधील टाक्स कंपनीच्या 'फॉर्टियस' या जुन्या ट्रेनरमध्ये, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवण्याच्या यंत्रात, सायकलचे मागचे चाक एका रोलरवर टेकते आणि रोलरला जोडलेली मोटर चाकाला विरोध करते, तर उतारावर तीच मोटर चाक पुढे ढकलते. सायकलसह 85 किलो वजनाचा स्वार 100 मीटरमागे 5 मीटर उंची गाठणारा चढ चढत असेल, तर गुरुत्वाकर्षण त्याला सुमारे 42 न्यूटन बलाने मागे ओढते. ताशी 10 किलोमीटर वेगाने त्यावर मात करण्यास जवळपास 115 वॅट शक्ती लागते. हे गणित ट्रेनरला जोडलेला संगणक सतत करतो आणि त्यानुसार मोटरचा विरोध बदलतो.

मोटर वर्षानुवर्षे टिकते, पण संगणक बदलतात. यंत्राची भाषा संगणकाला समजावून देणारा ड्रायव्हर नावाचा दुवा जुन्या विंडोजसाठी लिहिलेला असला, की धडधाकट लोखंड अडगळीत जाते. 2019मध्ये गार्मिन कंपनीने टाक्स विकत घेतली, तोवर फॉर्टियसचा काळ मागे पडला होता. त्याला खरा आधार मिळाला तो मुक्तस्रोत प्रणालींचा, म्हणजे ज्यांची मूळ संहिता कोणीही वाचू, सुधारू आणि वाटू शकतो अशांचा. 'गोल्डन चीता' ही त्यांपैकी एक प्रणाली फॉर्टियसशी यूएसबीद्वारे थेट बोलते. पायथन या संगणकभाषेत लिहिलेली 'फॉर्टियस-अँट' ही दुसरी प्रणाली मध्ये बसून दुभाष्याचे काम करते, त्यामुळे आजच्या सायकलिंग अॅपना हा जुना ट्रेनर बिनतारी संदेश देणारा आधुनिक ट्रेनरच वाटतो. ही दुसरी युक्ती अधिक मोलाची आहे, कारण तिच्यामुळे स्वाराला अॅप निवडण्याचे स्वातंत्र्य राहते.

अॅपला लागणारा घाटाचा मार्ग ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावरून मिळतो. उपग्रह वा अवकाशयानांनी मोजलेल्या उंचीच्या नोंदी मात्र डोंगर फोडून काढलेल्या रस्त्यावर चुकतात आणि चढ एकाएकी उसळलेला दिसतो, म्हणून त्या आधी गुळगुळीत करून घ्याव्या लागतात.

युरोपीय मोटर 230 व्होल्टची असल्याने ती भारतात ट्रान्सफॉर्मरविना चालते; अमेरिकी 110 व्होल्टची मोटर मात्र थेट लावू नये. ट्रेनरला संगणकाशी जोडणाऱ्या जुन्या प्रकारच्या काही नियंत्रण-पेट्यांमध्ये स्वतःची आज्ञावली साठवलेली नसते, ती प्रत्येक वेळी संगणकाने भरावी लागते. शेवटी, टायरमधील हवा आणि रोलरचा दाब दर वेळी सारखा ठेवून, टायर तापल्यावर मोटरने चाक फिरवून घर्षण मोजून घ्यावे. तसे न केल्यास एका दिवसाच्या वॅटची दुसऱ्या दिवसाच्या वॅटशी तुलना करता येत नाही.