मोतीबिंदूनंतरची सूज

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया निर्विघ्न होते, दृष्टी लख्ख होते. आणि महिना-दीड महिन्याने अक्षरे पुन्हा धूसर, सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. दोष बिचाऱ्या नव्या भिंगाला दिला जातो. वस्तुतः दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून सूज आलेली असू शकते. अर्व्हिन यांनी १९५३ मध्ये हा विकार नोंदविला. ओसीटी तपासणीत, डोळ्याला स्पर्शही न होता, ती सूज दिसते. उपचार चिकाटीचा: स्टेरॉइडचे आणि स्टेरॉइडविरहित दाहशामक थेंब, काही आठवडे, कधी महिनेही. बरे दिसू लागले म्हणून ते आपल्या मनाने थांबविल्यास सूज परतू शकते. स्टेरॉइडने काहींच्या डोळ्यातील दाब वाढतो. म्हणून तो मोजत राहावा लागतो. थेंबांना दाद न देणाऱ्या सुजेसाठी इंजेक्शन असते. मधुमेहींना धोका अधिक. त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच दृष्टिपटल तपासून घ्यावे.